पिल्लू विकले, की जबाबदारी संपली? पुण्यातील श्वान-विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात मोठ्या आणि दुर्मीळ जातींच्या कुत्र्यांची पैदास व विक्री करणारी सर्व मंडळी

स. न. वि. वि.

आपल्यापैकी एकाने गेल्या महिन्यात वाकडच्या एका कुटुंबाला फोनवर सांगितले की, "एकदा विकलेला माल आम्ही परत घेत नाही." माल म्हणजे दोन वर्षांची कॉकेशियन शेफर्ड मादी. घरातल्या आजींना पक्षाघात झाला, त्यांच्या देखभालीसाठी दिवसरात्र बाई ठेवावी लागली, आणि ही कुत्री त्या अनोळखी बाईंना दाराच्या आत पाऊल टाकू देईना. कुटुंबाने पैसे परत मागितले नव्हते. ज्यांच्या केनेलमध्ये ती जन्मली आणि ज्यांना ही जात नखशिखान्त कळते असे त्यांचीच जाहिरात सांगते, त्यांच्याकडे तिने परत जावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आज ती मुळशीच्या पुढे कुणाच्या तरी फार्महाउसवर साखळीला बांधलेली आहे. नकार देणारी व्यक्ती एक असली, तरी हा नकार आपल्या धंद्याची रीत होऊन बसला आहे. म्हणून हे पत्र त्या एकाला न लिहिता आपणा सर्वांना, आणि तेही चारचौघांत, लिहीत आहे.

मी धायरीच्या पुढे राहतो आणि माझ्याकडे याच जातीचा एक नर आहे. त्याचे नाव भीमा. तोही मला असाच मिळाला. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये तो वयात आला, सोसायटीच्या नोटिसा सुरू झाल्या आणि घरच्यांना दुसरा मार्ग उरला नाही. माझ्याकडे जागा होती, मोठ्या कुत्र्यांचा आधीचा अनुभव होता, कुंपणाची भिंत उंच करून घेण्याइतके पैसे होते आणि घरातली सगळी माणसे राजी होती. यातली एक जरी गोष्ट नसती तरी मी त्याला आणले नसते. तेव्हा हे पत्र या जातीच्या विरोधकाचे आहे असे कृपया समजू नये. भीमा घरी आल्यापासून मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिल्या प्रकारचे लोक विचारतात, पिल्लू कुठे मिळेल. दुसऱ्या प्रकारचे विचारतात, आमचा तुम्ही ठेवून घ्याल का. अलीकडे दुसरे वाढले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी आपले कुत्रे आपणा मंडळींकडूनच घेतलेले आहेत.

ही जात काय आहे ते आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांना सांगायला हवे, कारण आपल्या जाहिरातींत ते कधी येत नाही. जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान, दागेस्तान या कॉकेशस पर्वताच्या मुलखात मेंढ्यांच्या कळपांचे लांडग्यांपासून रक्षण करण्यासाठी हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. पुढे सोव्हिएत काळात त्याची जात म्हणून रीतसर पैदास झाली. कुत्र्यांच्या जातींची मानके ठरवणाऱ्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकानुसार नराची खांद्यापर्यंतची उंची किमान 68 सेंटिमीटर आणि वजन किमान 50 किलो असावे लागते. हे किमान आहे; प्रत्यक्षात बरेच नर याहून मोठे निघतात. तरीही खरी अडचण वजनाची नाही, स्वभावाची आहे. मेंढपाळ झोपलेला असताना अंधारात स्वतःच्या अकलेने निर्णय घेणारा हा कुत्रा आहे आणि हुकमाची वाट पाहत बसणे त्याच्या रक्तात नाही. रात्री भुंकणे हे त्याचे कामच आहे, आणि अनोळखी माणूस हद्दीत आला की मध्ये येऊन उभे राहणे हेही. सासवड, दौंड, बारामतीकडच्या माळांवर आजही लांडगे आहेत आणि तिथे धनगरांच्या कळपांबरोबर कुत्रेही असतात. मेंढ्यांच्या वाड्याजवळून रात्री जाणाऱ्याला तो कुत्रा किती अंतरावरच थांबवतो, हे त्या वाटेने गेलेल्या कुणालाही विचारावे. तोच पिंड, आणि वजन त्याहून कितीतरी अधिक, असा प्राणी आपण दहाव्या मजल्यावरच्या नोकरदार जोडप्याला विकता.

आमच्याकडे सिलिंडरवाला येतो तेव्हा काय होते ते सांगतो. तो फाटकाबाहेरूनच फोन करतो. मी भीमाला मागच्या आवारात नेतो, मधले जाळीचे फाटक लावतो, कडी एकदा ओढून पाहतो आणि मगच पुढचे फाटक उघडतो. हा माणूस आमच्याकडे सुरुवातीपासून येतो आहे. भीमा त्याचा टेम्पो आवाजावरून ओळखतो. तरीही सिलिंडर आत येऊन रिकामा बाहेर जाईपर्यंत तो जाळीला नाक लावून, शेपूट न हलवता, त्या माणसाच्या प्रत्येक पावलाबरोबर मान फिरवत उभा असतो. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला की मग तो पाणी प्यायला जातो. दोन फाटकांची सोय नसलेल्या घरात हा कुत्रा कसा ठेवायचा, हे मला खरोखर माहीत नाही. आपल्याला माहीत असेल तर गिऱ्हाइकाला पिल्लू देतानाच सांगावे.

माझी पहिली तक्रार आपण पिल्लू दाखवताना जे बोलता त्याबद्दल आहे. 'फ्लॅटमध्ये आरामात राहतो', 'लहान मुलांचा फार लाडका', 'पुण्याची हवा मानवते, एसी लागत नाही', आणि फार्महाउसवाला दिसला की 'हा असला की बिबट्या फिरकत नाही'. ही वाक्ये मी स्वतः ऐकलेली आहेत.

स्वतःच्या घरातल्या मुलांशी हा कुत्रा खरोखर फार सांभाळून वागतो, हे मी मान्य करतो. पण त्या मुलांचे मित्र खेळायला येतात, आरडाओरडा करतात, एकमेकांना ढकलतात, आणि कळपाच्या राखणदाराला त्यातला खेळ कळत नाही. हे दुसरे वाक्य आपण पहिल्या वाक्याला जोडत नाही. हवेबद्दल म्हणाल, तर या कुत्र्याला केसांचे दोन थर असतात आणि आतला मऊ दाट थर डोंगरातल्या थंडीसाठी असतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला अंग थंड करावे लागते. म्हणून त्या दिवसांत भीमाचे फिरणे उजाडण्यापूर्वी संपवावे लागते, दुपारी त्याला पंख्याखाली ओल्या फरशीवर ठेवावे लागते, आणि वीज गेली की घरातल्या माणसांच्या आधी त्याची काळजी लागते. 'उन्हाळ्यात मशीन मारून केस काढून टाका' हा सल्लाही आपल्यातलेच काही जण देतात. दोन थरांचा कोट असा मुळापासून कापला की उन्हापासूनचा आडोसाच जातो आणि पुढे केस नीट येतीलच याचीही खात्री राहत नाही, हे कुठलाही पशुवैद्य सांगेल.

बिबट्याचे वाक्य तर मला सर्वांत जास्त खटकते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना ठाऊक आहे की गावातला कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. कॉकेशसमध्ये हे कुत्रे मोकळे असतात, एकाहून अधिक असतात आणि शेजारी मेंढपाळ असतो. आपण विकता तो एकटा कुत्रा असतो, त्याला खुंट्याला बांधलेले असते, आणि त्याच्याजवळ असतो तो रोज बदलणारा वॉचमन, जो लांबूनच भाताचे पातेले सरकवतो. अशा कुत्र्याला पळताही येत नाही. शिवाय कायमचा बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 नुसार क्रौर्य ठरते. ज्या वापरासाठी आपण पिल्लू विकत आहात तो वापरच गुन्हा आहे, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

दुसरी तक्रार वयाची आणि कागदांची आहे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. 18 महिन्यांच्या आतल्या मादीपासून पैदास करता येत नाही, तिला वर्षातून एकापेक्षा जास्त वेत देता येत नाही आणि आयुष्यभरात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि विकताना त्याला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख-क्रमांकाची बारीक चिप, बसवलेली असावी लागते. आता आपल्या जाहिराती पाहाव्यात. '32 दिवसांची पिल्ले, लवकर बुक करा' असे त्यांत उघड लिहिलेले असते, नोंदणी क्रमांक मात्र शोधून सापडत नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आई आणि भावंडांबरोबर खेळताना जबड्याचा जोर किती लावायचा हे शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते, खेळ थांबतो, आई दटावते. तो धडा चुकलेले पामेरियन हाताला ओरखडे काढते. तोच धडा चुकलेला पन्नास किलोंचा राखणदार काय करील, याचा विचार गल्ला मोजण्यापूर्वी व्हावा.

भीमाबरोबर मला एक प्लास्टिकची फाइल मिळाली होती. तिच्यात लसीकरणाचे कार्ड होते. त्यावर लसीच्या बाटल्यांचे स्टिकर नव्हते, नुसत्या निळ्या पेनाने लिहिलेल्या तारखा होत्या, आणि सगळ्या एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत होत्या. केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, प्रमाणपत्राची झेरॉक्स होती आणि तिच्यावर चिपचा क्रमांक होता. आमच्या डॉक्टरांनी चिप वाचायचे यंत्र त्याच्या मानेवरून, खांद्यावरून, पुढच्या पायांपर्यंत, सावकाश पुन:पुन्हा फिरवले. यंत्र गप्प राहिले. म्हणजे ते प्रमाणपत्र कुठल्या तरी कुत्र्याचे आहे, पण ते या कुत्र्याचे आहे असे म्हणायला काहीही आधार नाही. फाइलमध्ये आहाराची एक चिठ्ठीही होती: तान्ह्या बाळांना देतात ते डब्यातले पीठ, उकडलेले अंडे, आणि दोन्ही वेळा कॅल्शियमचे सिरप, पुढे कंसात 'हेवी बोनसाठी'.

त्या कंसातल्या दोन शब्दांमुळे किती पिल्लांचे पाय वाकडे झाले असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाच्या शरीराला आतड्यातून किती कॅल्शियम आत घ्यायचे यावर नीट ताबा ठेवता येत नाही. वरून ओतले तेवढे ते शोषत जाते आणि हाडांची वाढ बिघडते. या जातींची हाडे वाढायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्या काळात पिल्लू सडपातळ ठेवावे, हळू वाढू द्यावे, जिने चढायला लावू नये आणि उड्या मारायला लावू नयेत, असा सल्ला असतो. आपल्याकडे मात्र चार महिन्यांचे पिल्लू किती जाड दिसते यावर भाव ठरतो. हा भाव आपण ठरवता, म्हणून ही तक्रार आपल्याकडे आहे.

इथेच दुर्मीळपणाचा प्रश्न येतो. 'रेअर ब्रीड' ही आपल्याला किंमत वाढवण्याची सोय वाटते. वास्तविक ती जपून वागण्याची गोष्ट आहे. जात दुर्मीळ आहे याचा अर्थ देशात तिची जनावरे कमी आहेत. जनावरे कमी, म्हणजे नात्याबाहेरचा नर मिळणे कठीण. मग बाप-लेक किंवा एकाच वेतातली भावंडे लावली जातात आणि त्याला 'लाइन पक्की केली' असे भारदस्त नाव दिले जाते. पिल्लाच्या तीन पिढ्यांची वंशावळ दाखवा असे मी ज्यांना ज्यांना म्हटले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मला आयात केलेल्या एका रुबाबदार नराचा फोटो दाखवला. मोठ्या कुत्र्यांत खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, आई-बापांकडून पिल्लांत उतरतो आणि तो नुसता पाहून कळत नाही, एक्स-रे काढावा लागतो. अमेरिकेत अशा तपासणीचा अंतिम निकाल कुत्रा 24 महिन्यांचा झाल्यावरच देतात. आपला कायदा 18 महिन्यांना परवानगी देतो हे खरे, पण कायद्याने घातलेली मर्यादा ही किमान मर्यादा असते. जाणकाराने आणखी सहा महिने थांबायला काहीच हरकत नसते. केनेल क्लबचा कागद वंश सांगतो, सांध्यांबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. तरीही 'पेपर्स आहेत' एवढे म्हटले की गिऱ्हाइकाच्या सगळ्या शंका मिटतात, आणि आपण त्या मिटू देता.

पोटाला पीळ पडण्याच्या आजाराबद्दलही आपल्यापैकी कुणी सांगत नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरते. कुत्रा अस्वस्थ होतो, ओकारी काढायचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, पोट डफासारखे ताणले जाते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो जातो. म्हणजे हा कुत्रा घेणाऱ्याने रात्री-अपरात्री कोणता दवाखाना उघडा असतो हे आधीच पाहून ठेवले पाहिजे, आणि साठ किलोंचे निपचित अंग चादरीत घालून उचलायला चार माणसे व एक मोठी गाडी हाताशी ठेवली पाहिजे. या कामाला पुण्यातला रिक्षावाला तयार होईल ही कल्पना करमणूक म्हणून ठीक आहे.

कान कापण्याबद्दल थोडक्यात लिहितो. मूळ प्रदेशात लांडग्यांशी झुंजताना कान फाटू नयेत म्हणून ते कापत असत. पुण्यात लांडगा सोसायटीच्या फाटकावर येत नाही. 'ओरिजिनल लूक'साठी पिल्लाचे कान कापणे हा अवयव तोडण्याचा प्रकार आहे आणि तो बंद झालाच पाहिजे.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना परिपत्रक पाठवून 23 जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी आणि जे पाळलेले आहेत त्यांची नसबंदी करावी, असे कळवले होते. रॉटवायलर, केन कोर्सो, कांगल, अकिता यांच्याबरोबर कॉकेशियन शेफर्डही त्या यादीत होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. संबंधितांशी विचारविनिमय न करताच ते काढले होते, हा त्यातला मोठा आक्षेप होता. त्या काळात आपण सगळे हिरिरीने बोलत होता. 'जात वाईट नसते, मालक वाईट असतो' हे वाक्य मी आपल्याकडून इतक्या वेळा ऐकले, की ते पाठ झाले. परिपत्रक सरसकट होते आणि चुकीचे होते, असे माझेही मत आहे. पण आपल्या त्या वाक्यात विक्रेता कुठेच नाही, इकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. जातीची बाजू घेताना आपण सगळा भार मालकाच्या डोक्यावर ठेवून मोकळे झालात. कायदाही सध्या तेच करतो. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, मालकाला होऊ शकते. ज्याने एक महिन्याचे पिल्लू खोट्या भरवशावर त्याच्या हाती दिले, त्याचे नावदेखील त्या प्रकरणात कुठे येत नाही.

मालकांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. हौसेला मोल नसते हे खरे असले, तरी हौस म्हणून एवढा प्राणी घरात आणणाऱ्यांनी काय काय केले पाहिजे ते मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर सांगतो. महापालिकेचा परवाना घ्या. रेबीजची लस वेळेवर टोचा. पिल्लू असतानाच मुसके घालायची सवय लावा, म्हणजे पुढे दवाखान्यात झटापट होत नाही. टेकडीवर पट्टा सोडू नका. घरात सगळ्यांच्या आधी सर्वांत अशक्त माणसाला विचारा, कारण पट्ट्याची ओढ त्यालाच बसणार आहे. दरमहा पाच आकडी खर्चाची तयारी ठेवा. आणि गावी लग्न असेल तर सगळ्यांना मिळून जाता येणार नाही, एकाला मागे थांबावे लागेल, कारण असा कुत्रा चार दिवस ठेवून घेणारे ठिकाण सहजी मिळत नाही. हे ऐकल्यावर बहुतेक जण विचार सोडून देतात. मला त्याचा आनंद होतो. आपला त्यात तोटा आहे हे मला कळते, पण जी पिल्ले पुढे परतच येणार आहेत त्यांची विक्री हा फायदा कसा, हे मला कळत नाही. कदाचित ती आपल्याकडे परत येतच नाहीत, म्हणून आपल्याला तो फायदा वाटत असावा.

कारण ती परत येतात ती माझ्यासारख्यांकडे, आधीच तुडुंब भरलेल्या निवाऱ्यांकडे, किंवा शहराबाहेरच्या एखाद्या रस्त्यावर. वर्ष-दीड वर्षाचा, अनोळखी माणसाला जवळ येऊ न देणारा, साठ किलोंचा कुत्रा कोण घेणार? लॅब्रॅडोरला दुसरे घर मिळते. याला मिळत नाही, आणि जे मिळते ते बहुधा साखळीचे असते. त्याला हाताळण्याची अक्कल आणि जागा या शहरात ज्यांच्याकडे असायला हवी, अशी मंडळी म्हणजे आपणच. आपल्याकडे मजबूत पिंजरे आहेत, आवार आहे, सवयीची माणसे आहेत, त्याची आई कदाचित अजून आपल्याच आवारात आहे. तरीही सगळ्यात आधी आपलेच फाटक बंद होते. आपल्यापैकी अपवाद आहेत हे मी जाणतो. एका जुन्या गृहस्थांनी सहा वर्षांचा ग्रेट डेन, मालक वारल्यावर, एका फोनवर परत नेलेला मी पाहिला आहे. पैशांचा विषयसुद्धा निघाला नाही. त्यांना या पत्राचा राग येणार नाही अशी माझी खात्री आहे.

किमतींच्या बाजाराबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण एक वाक्य लिहितो. कोट्यवधींच्या कुत्र्यांच्या बातम्या मोबाइलवर फिरवून आपण जी गिऱ्हाइके जमवता, त्यांना कुत्रा नको असतो, दाराशी उभी करायला किंमत हवी असते, आणि तिचे नावीन्य वर्षभरात संपते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

वाकडच्या त्या मादीच्या विक्रेत्याने तिला परत घ्यावे, किंवा ते शक्य नसेल तर तिची साखळीविना सोय होईपर्यंत खर्च उचलावा. तिचे घरचे लोक आजही सहकार्याला तयार आहेत.

यापुढे प्रत्येक विक्रीच्या पावतीवर एक अट लेखी असावी: कुत्र्याच्या हयातीत केव्हाही मालकाला तो ठेवणे अशक्य झाले, तर विक्रेता त्याला परत घेईल. पैसे परत देण्याची मागणी मी करत नाही. कुत्रा परत घ्यावा, एवढीच मागणी आहे. बाकीच्या सगळ्या मागण्या मान्य होऊन ही एक राहिली, तर माझ्या लेखी काहीच मान्य झालेले नाही. आणि ही एक मान्य झाली तर बाकीच्या बऱ्याचशा आपोआप पाळल्या जातील, कारण जे परत येऊ शकते ते कुणीही चुकीच्या हाती देत नाही.

जाहिरातीत राज्य प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक छापावा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू हाती देऊ नये, आणि देताना गिऱ्हाइकासमोर यंत्र फिरवून चिपचा क्रमांक कागदाशी जुळवून दाखवावा. आई-बाप दोघांचे, दोन वर्षे पूर्ण झाल्यानंतर काढलेले खुब्याचे एक्स-रे आणि तीन पिढ्यांची वंशावळ मागण्याआधीच समोर ठेवावी. अनोळखी माणूस आवारात आल्यावर पिल्लाची आई कशी वागते हे गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पाहू द्यावे. त्या एका भेटीत निम्मी गिऱ्हाइके आपण होऊन माघारी जातील. राखणदार जातीचे पिल्लू देण्यापूर्वी घर पाहून यावे. ज्या घरी दोन फाटके किंवा बंद आवार नाही तिथे नाही म्हणावे, मग समोरचा कितीही पैसे देत असो. 'फ्लॅटसाठी उत्तम' आणि 'बिबट्यालाही भारी' ही वाक्ये जाहिरातींतून काढून टाकावीत.

ज्यांना हे मान्य आहे त्यांनी तसे जाहीरपणे लिहावे. माझ्याकडे पिल्लाची चौकशी करणाऱ्यांना मी त्यांची नावे आनंदाने देईन. ज्यांच्या जाहिरातींत नोंदणी क्रमांक नाही, त्यांची नोंदणी झालेली आहे का, अशी लेखी विचारणा मी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे जाहिरातींच्या प्रती जोडून करणार आहे, आणि मिळालेले उत्तर याच पद्धतीने सर्वांसमोर ठेवणार आहे.

कळावे,

आपला,
धायरीजवळ राहणारा, कॉकेशियन शेफर्ड पाळणारा एक पुणेकर